आधी मांजर, मग चिलखत

गेल्या वर्षी, गणपती यायच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नळाचं पाणी गेल्यावर आणि दुसरा चहा उकळायच्या आत, लालबागमधल्या आमच्या चाळीतल्या एका राखाडी, पट्टेवाल्या मांजरीला गोणीत घालून रुळांपलीकडे नेऊन सोडण्यात आलं. तिच्यावर अन्याय झाला. हे वाक्य मी भाडेकरूंसाठी इतक्यांदा लिहिलंय की ते आता गुळगुळीत झालंय, पण मांजरीसाठी लिहिताना माझा हात जराही अडखळत नाही. तिला नोटीस नव्हती. तिची बाजू कोणी मांडली नाही. ती मांडू शकली असती अशी एकच बाई चाळीत होती, ती म्हणजे मी, आणि मी त्या वेळी वरळीला बीडीडी चाळींच्या जिन्यात उभी राहून पत्रकं वाटत होते. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: आम्हाला विचारल्याशिवाय आम्हाला हलवता येणार नाही.

हसायचं असेल तर हसून घ्या. चाळीतले लोकही हसले. मग पुढचं वाचा.

मी दिवसा एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते आणि उरलेल्या वेळात भाडेकरूंच्या चळवळीत असते. आई मिरची-मसाला कुटायच्या डंकावर कामाला आहे. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा तिच्या साडीला मिरचीचा असा काही वास असतो की मांजर दारातच तीन-चार शिंका द्यायची आणि मग तिच्या पायांत घुटमळायची. शिंकणार पण जाणार तिच्याकडेच. मांजरीला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. बाबा होते तेव्हा ते आईला 'अगं ए' म्हणून हाक मारायचे. बाबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात ही मांजर पत्र्यावरून आमच्या गॅलरीत उतरली, आणि आईने तिला जी पहिली हाक मारली ती 'अगं ए'. तेच तिचं नाव झालं.

आता चिलखताचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शाळेच्या सहलीत एका म्युझियममध्ये मी काचेमागे चिलखत पाहिलं. कड्यांचं, जाळीचं. बाकीची पोरं तलवारी बघत होती आणि कुठल्या तलवारीने किती मुंडकी उडाली असतील ते बोलत होती. मला प्रश्न पडला की हे विणलं कसं? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पुढे चला. मी पुढे गेले, पण प्रश्न तिथेच राहिला. लॉकडाऊनमध्ये मोर्चे बंद, ऑफिस बंद, तेव्हा मी तो परत उचलला. मोबाईलवर व्हिडिओ बघितले, लोहार चाळीतल्या दुकानातून लोखंडी तारेचं भेंडोळं मागवलं, आणि दारात बसून सुरू केलं.

करायचं असं असतं: एका सळईवर तार घट्ट गुंडाळायची. स्प्रिंग झाली की एका बाजूने कापत जायचं, म्हणजे प्रत्येक वेढ्याची एक सुटी कडी होते. मग दोन हातांत दोन पकडी घेऊन कडी उघडायची, तिच्यात चार कड्या ओवायच्या, मिटवायची. पुढची कडी. पुन्हा चार. एवढंच. अक्कल फारशी लागत नाही, मनगट लागतं. आणि मी खोटं सांगणार नाही, जुन्या कारागिरांच्या कड्या रिव्हेट ठोकून बंद केलेल्या असायच्या. माझ्या नुसत्या तोंडाला तोंड लावून मिटवलेल्या. तलवारीचा वार सोडा, कोणाचं कोपर जोरात लागलं तरी चार कड्या उघडतील.

लोक विचारायचे, कशाला करतेस हे? एकीने विचारलं, लग्नात घालणार काय? सेक्रेटरी, म्हणजे आमच्या चाळीच्या गणेश मंडळाचा सेक्रेटरी, माझ्याच वर्गातला, तो म्हणाला, "बरोबर आहे, लाठीचार्जला बरं पडेल." मी म्हटलं, "डोक्याला लागतं रे पहिलं, टोपी विणून देऊ का तुला?" पण खरं उत्तर वेगळं आहे. चळवळीत काहीच पूर्ण होत नाही. तारीख पडते, अधिकारी बदलतो, नवा जीआर येतो, जुनं पत्रक फेकायचं आणि नवं लिहायचं. इथे कडी मिटली की मिटली. ती उद्याही मिटलेलीच असते.

अंगरखा तयार व्हायला दोन वर्षं गेली. आईने आतून घालायला जुन्या साड्यांची जाड बंडी शिवून दिली, गोधडीसारखी टाके घालून. जुन्या काळीही चिलखताखाली अशीच काहीतरी जाड बंडी असायची, नाहीतर लोखंड खांद्याला काचतं. मी काम करायला बसले की मांजर आधी बंडीवर बसायची. मग चिलखताचा विणून झालेला भाग माझ्या मांडीवरून खाली लोंबायला लागला की बंडी सोडून त्याच्यावर. लोखंड गार असतं, मांजर गरम जागा शोधते, मग ही लोखंडावर का बसते ते मला समजलं नाही. पण बसायची, आणि तिच्या वजनाने सगळा भाग घरंगळून खाली जायचा आणि ती त्याच्याबरोबर. मग वर बघायची, जसं काही मीच पाडलंय.

लालबागच्या हवेत लोखंड टिकत नाही. मी खोबरेल लावायचे, ते मांजर चाटून टाकायची. मग कुठेतरी वाचलं की जुन्या काळी चिलखतं वाळूच्या पिपात घालून लोळवायचे, म्हणजे गंज घासून निघायचा. पीप कुठून आणणार? रंगाचा मोठा डबा मिळाला, झाकणाचा. त्यात वाळू, त्यात चिलखत, झाकण गच्च, आणि डबा आडवा करून गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायाने ढकलत न्यायचा. तो आवाज लिहून दाखवता येणार नाही. खडखड नाही, खळखळही नाही. समुद्राला सर्दी झाल्यासारखा काहीतरी. अख्खी गॅलरी बाहेर यायची. "बाये, आज पण?" "अगं माझी सिरीयल चाललीय." "दळण आणलंस काय?" आणि मांजर डब्याच्या मागे. डबा थांबला की ती थांबायची, त्यावर पंजा मारायची, परत ढकल म्हणून. चाळीतल्या कुठल्याही घरी असली, कोणाच्याही पोटमाळ्यावर झोपलेली असली, तरी डब्याचा आवाज आला की धावत यायची. माशाला इतकी धावत नसे.

गेल्या वर्षी मंडळाने देखावा ठरवला गडाच्या दरवाजाचा. दरवाजात पहारेकऱ्याचा पुतळा. दरवर्षी असल्या पुतळ्याला लोकरीचं विणकाम करून वर चंदेरी रंग मारतात, लांबून चिलखत वाटतं, जवळून स्वेटर. सेक्रेटरी माझ्याकडे आला. "ए लीडर, तुझं ते लोखंडी देतेस काय दहा दिवस? एकदम ओरिजिनल वाटेल." मी हो म्हटलं. मला आनंदच झाला. काचेमागे ठेवलेलं काहीतरी मी माणसांसमोर आणणार होते.

आता काका. तळमजल्यावर राहतात, मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं कुठे कुठे सिक्युरिटीत होते, आता घरीच. मंडळाचा डोंगर दरवर्षी काका करतात. बांबूचा सांगाडा, वर गोणपाट, गोणपाटाला प्लास्टरचं पाणी, वर तपकिरी-हिरवा रंग. त्यांच्या डोंगराला लोक हात लावून बघतात, खरा आहे का म्हणून. जुलैपासून काकांच्या नखांत प्लास्टर असतं. वर्षभर त्या माणसाला कोणी काही विचारत नाही, त्या दोन महिन्यांत मात्र सगळे विचारतात, काका, कडा कुठे घ्यायचा? हे मी मुद्दाम लिहितेय. कारण मला त्यांचा राग आला होता आणि रागात हे लिहायचं राहून जातं.

गोणपाटाचा डोंगर म्हणजे मांजरीला काय असेल ते तुम्हीच विचार करा. नखांना त्याहून चांगली जागा मुंबईत नसेल. ती रोज दुपारी मांडवात शिरायची, कड्यावर चढायची आणि ओरबाडायची. काका लिंपायचे, ती उसवायची. दोनदा तिने शिखरावर शी केली. काका तिला हाकलायचे, पण कसं, तर "गो, जा गो, खय फुडे येतस" असं, आणि मग स्वतःच्या ताटातलं बोंबलाचं डोकं गॅलरीत ठेवायचे, म्हणजे ती तिकडे जाईल. ती डोकं खाऊन परत डोंगरावर.

मग मंडळाची मीटिंग झाली. मी नव्हते, आई होती. कोणीतरी म्हणालं, मांजरीचा बंदोबस्त करायला हवा. सगळे म्हणाले, करायला हवा. विषय संपला, लायटिंगवर आले.

रविवारी मी वरळीहून परतले तेव्हा आई दारात बसली होती. दार पूर्ण उघडं. "सकाळपासून आली नाही," आई म्हणाली. मी म्हटलं, येईल. आईने ताट वाढलं आणि स्वतः जेवली नाही. संध्याकाळी मी डबा काढला आणि गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या. सगळे बाहेर आले. ती आली नाही. आणि मी पाहिलं की कोणीही 'आज पण?' म्हणून विचारलं नाही. सगळे जण डब्याकडे बघत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. चळवळीत राहून एवढं कळतं मला. लोक गप्प असतात तेव्हा त्यांना माहीत असतं.

मी खाली गेले आणि चाळीच्या फळ्यावर, जिथे पाण्याची वेळ लिहितात तिथे, खडूने लिहिलं: दुसऱ्या मजल्यावरची राखाडी मांजर नेण्यात आली आहे. कोणाच्या सांगण्यावरून? कोणी? कुठे? उत्तर मिळाल्याशिवाय चिलखत मिळणार नाही.

खडू खाली ठेवायच्या आत काका त्यांच्या दारात आले.

"मीच न्हेलंय तिका," ते म्हणाले.

मी तयार होते भांडायला. वाक्यं तयार होती. पण त्यांनी एवढं सरळ सांगितल्यावर ती कामाची राहिली नाहीत. मी म्हटलं, "पकडलीत कशी? ती कोणाच्या हाताला लागत नाही."

"धरूक लागला नाय गो. डोंगराची उरलेली गोणी होती. उघडून धरली तर आपणच आत गेली."

मी हे ऐकलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले. गोणपाट म्हणजे तिचा डोंगर. ती खेळायला गेली आत.

"आणि कुठे सोडलीत?"

"कॉटन ग्रीन. गोदामांकडे. थय उंदीर आसतत. खाईत, रवात."

"काका, तिने जन्मात उंदीर मारलेला नाही. बोंबील खाते ती, तोही तुम्ही दिलेला. आणि कॉटन ग्रीन काय, चालत अर्धा तास. परत आली असती तर?"

"येवची नाय," काका म्हणाले, आणि मग जे सांगितलं ते मी कुठल्याही पत्रकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्या गावी नको असलेली मांजर गोणीत घालतात, तिला दिशा कळू नये म्हणून गोणी गोल फिरवतात, आणि व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे नेऊन सोडतात. मांजर वाहतं पाणी ओलांडून परत येत नाही म्हणे. "हय व्हाळ खय?" काका म्हणाले. "म्हणान रूळ वलांडले. पुलावर उभं ऱ्हवान गोणी गोल फिरवली. वलांडूक कायतरी होया ना."

म्हणजे हार्बर लाइनला त्यांनी ओढा समजून घेतलं होतं. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्य गेलं लालबागला, आणि पुलावर लोकांच्या मध्ये उभा राहून गोणी गोल फिरवतोय. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

"वाईट वाटलं नाही का तुम्हाला?"

"वाटलां," काका म्हणाले. "पण सगळे म्हणाले बंदोबस्त कर. डोंगर माझो. मग मांजर पण माझीच झाली ना?"

मी उठले. फळ्यावरचं पुसलं नाही, पण 'कोणी' आणि 'कुठे' या दोन शब्दांवर काट मारली. 'कोणाच्या सांगण्यावरून' तसंच ठेवलं. ते अजून बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आला. "एका मांजरीसाठी देवाचं काम अडवतेस?"

"देवाचं काम मांजर नेऊन सोडण्याचं नाही."

"अगं, लोक काय म्हणतील? गिरणगावात पहिल्यांदाच कोणीतरी मांजरीसाठी संप करतंय."

"पहिल्यांदाच का होईना. आधी मांजर, मग चिलखत."

"आणि नाही सापडली तर?"

"तर पहारेकऱ्याला स्वेटर घाला."

आई आतून म्हणाली, "चहा घेऊन जा रे." तिला भांडण चहाशिवाय बघवत नाही. तो चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "आणतो." आणि खरंच आणली. दोन दिवसांनी संध्याकाळी एक झाकलेली करंडी घेऊन तो आणि दोन कार्यकर्ते वर आले, मागून अर्धी चाळ. "घे तुझी," तो म्हणाला. "कॉटन ग्रीनला जाऊन आणलीय. हाताला किती ओरखडे बघ."

आईने फडकं उचललं. राखाडी होती. पट्टेही तसेच. आईने तिला उचललं, शेपटी जरा वर केली, आणि परत ठेवलं.

"हा बोका आहे रे."

"काकी, सेम टू सेम आहे."

"सेम असेल. पण हा पुरुष आहे."

गॅलरी पडली हसून. सेक्रेटरीचे कान लाल झाले. बोका करंडीतून उतरला, आमच्या घरातून एक चक्कर मारली, चिलखताला नाक लावलं, शिंकला आणि ओट्याखाली जाऊन बसला. कोणीतरी म्हणालं, राहू दे ना, हाच ठेव, काय फरक पडतो? तेव्हा मात्र माझा आवाज चढला. मी म्हटलं, फरक पडतो. तुम्हाला बिल्डर जेव्हा म्हणेल की ही खोली नाही तर ती घ्या, सेम टू सेम आहे, तेव्हा मला बोलवू नका. आणि सेक्रेटरीला म्हटलं, "ह्याला जिथून उचललंस तिथेच परत नेऊन सोड. आत्ता. त्यालाही कोणी शोधत असेल."

तो बोक्याला घेऊन गेला. मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा त्याला कळलं की मी चेष्टा करत नव्हते. वाईट मुलगा नाही तो. करंडी नेताना त्याने फडकं काढून टाकलं होतं, बोक्याला दिसावं म्हणून.

एवढे दिवस आई दार लावत नव्हती. पाऊस आत यायचा, जमीन ओली व्हायची, ती पुसायची आणि दार उघडंच. डंकावरून आली की दारात जरा थांबायची. कोणाच्या शिंकेसाठी थांबते ते मला दिसत होतं.

बोका परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. डब्यात वाळू भरली, चिलखत घातलं, झाकण लावलं, आईची बंडी काखेत घेतली आणि जिना उतरले. डबा एवढा जड झाला होता की पायरीपायरीवर टेकवत आणावा लागला. खाली काका चपला घालून उभे होते.

"जागा माका म्हायत आसा," ते म्हणाले. आणि त्यांनी डब्याची दुसरी बाजू धरली.

काळाचौकीवरून पुलाकडे निघालो. पुलावर काका दोनदा थांबले, दम घ्यायला. पलीकडे उतरलो तर गोदामांच्या लांबच लांब भिंती, ट्रकांची रांग, सांडलेले गव्हाचे दाणे, त्यावर कबुतरं. काकांनी एका भिंतीकडे बोट केलं. तिथे काही नव्हतं. मी डबा आडवा केला आणि पायाने ढकलायला सुरुवात केली.

जरा डोळ्यांसमोर आणा. दिवसाढवळ्या एक मुलगी गोदामाच्या रस्त्यावर रंगाचा डबा लोळवतेय आणि तिच्यामागे एक म्हातारा 'अगं ए, अगं ए' करत चाललाय. कारण तेच तिचं नाव. वॉचमनला वाटलं काका माझी समजूत काढतायत. तो मला म्हणाला, "जाव ना मॅडम, अंकल इतना बुला रहे हैं." ट्रकवाल्यांनी हॉर्न दिले. कुत्री भुंकली. बऱ्याच मांजरींनी बघितलं, आमची त्यांत नव्हती.

एका गोदामाच्या दारात हमाल जेवायला बसले होते. साताऱ्याकडचे असावेत बोलण्यावरून. एकाने विचारलं, "काय शोधताय ताई?" मी सांगितलं. तो दुसऱ्याकडे बघून म्हणाला, "आरं, ती गोणीवाली तर न्हवं?" मग मला म्हणाला, "ऐतवारी हितं भिंतीपाशी गोणी पडल्याली. म्हटलं काय हाय, म्हणून बघाय गेलो. गोणीला सुरीनं भोकं पाडल्याली, वारा लागावा म्हणून. आन आत सुकं बोंबील, कागदात बांधून. मी ह्यांना म्हटलं, सोडणाऱ्याला सोडायची न्हवती वाटतं."

मी काकांकडे बघितलं. ते कबुतरांकडे बघत होते.

"बोंबील तसाच ऱ्हायला," हमाल म्हणाला. "खाल्ला न्हाई तिनं. त्या पलीकडच्या ट्रकांखाली असती. भाकरी टाकली तर येत न्हाई."

मी डबा पलीकडे वळवला. चार पावलं गेला असेल, खड्ड्यात आपटला आणि झाकण उडालं. वाळू सगळी रस्त्यावर, त्यावर चिलखत अर्धं बाहेर. मी रडकुंडीला आले, ते मांजरीमुळे की वाळूमुळे ते सांगता येत नाही. उकिडवी बसून वाळू ओंजळीने भरायला लागले. भरत होते, आणि एकदम चिलखत जड झालं. ती येऊन त्यावर बसली होती. ओरडली नाही, अंग घासलं नाही. नुसती बसली. एक कान फाटलेला, मागचा पाय उचलून धरलेला, कमरेची हाडं वर आलेली. वर बघितलं माझ्याकडे, जसं काही मीच पाडलंय.

मी तिला बंडीत गुंडाळलं. काका जवळ आले तशी ती बंडीच्या आत शिरली, पूर्ण, शेपटीसकट. काका मागे सरले. त्यांनी चिलखत उचललं, वाळू झटकली, आणि खांद्यावर टाकलं. हमालांनी रिकामा डबा ठेवून घेतला, पाण्याला होईल म्हणाले.

परतताना पुलावर काका माझ्यापासून चार हात लांब चालत होते. मध्यावर थांबले. खालून गाडी गेली. ती जाईपर्यंत वाट बघितली आणि म्हणाले, "तोंड उघडां ठेव तिचां. वाट दिसूंदे तिका."

मी बंडी जरा बाजूला केली. तिने डोकं बाहेर काढलं आणि घरापर्यंत बाहेरच ठेवलं.

आई डंकावरून यायच्या आधी आम्ही पोचलो. आई जिना चढून आली, दारात थांबली, आणि आतून शिंक आली. आईने मिरचीची पिशवी तिथेच ठेवली आणि खाली बसली.

चिलखत मी दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं, सबब न सांगता. शब्द म्हणजे शब्द. पहारेकऱ्याला ते खांद्यात जरा ढिलं झालं, पण लोक वळून बघत होते. सेक्रेटरी माईकवरून सांगत होता, ओरिजिनल आहे, ओरिजिनल. मी दोनदा जाऊन सांगितलं, ओरिजिनल नाही, दुसऱ्या मजल्यावर केलंय. तो म्हणाला, "तेच तर ओरिजिनल."

इथे थांबले तर गोष्ट गोड होईल. पण झालेलं नुकसान मी लिहिलं नाही तर मी पत्रकं कशाला लिहिते? तिचा कान बरा झाला, पाय जरा वाकडाच राहिला. ती आता जिना उतरत नाही. त्या गणपतीत काकांचा डोंगर शेवटपर्यंत अखंड राहिला, एक ओरखडा नाही. काका रोज लिंपणाचं भांडं घेऊन यायचे, बघायचे आणि परत जायचे. विसर्जनाच्या दिवशी मला म्हणाले, "डोंगर चांगलो झालो नाय ह्या वर्षी." आमच्या घरात आता तांदळाची गोणी आणता येत नाही, ती पलंगाखाली जाते आणि आई झोपल्याशिवाय बाहेर येत नाही. काका अजून दुपारी वर येतात. उंबऱ्याच्या बाहेर बसतात, आत येत नाहीत, बोंबलाचं डोकं उंबऱ्यावर ठेवतात आणि पेपर वाचतात. ती पलंगाखालून बघते. ते उठून गेल्यावर खाते. मागच्या महिन्यात एकदा ते बसलेले असतानाच खाल्लं. काकांनी पेपरचं पान उलटलं नाही, आवाज होईल म्हणून.

गणपतीनंतरच्या मीटिंगमध्ये मी ठराव मांडला: मीटिंगला विचारल्याशिवाय चाळीतलं मांजरसुद्धा हलवायचं नाही. अर्ध्यांनी हात वर केले, अर्धे मोबाईलमध्ये होते, सेक्रेटरीने 'मंजूर' लिहिलं. घरी येताना मी आईला विचारलं, त्या पहिल्या मीटिंगला तू होतीस ना? बंदोबस्त म्हणाले तेव्हा बोलली का नाहीस? आई जिना चढत होती. म्हणाली, "मला वाटलं, मांडवाला दार बसवतील."

फळ्यावरच्या 'कोणाच्या सांगण्यावरून' या प्रश्नाचं उत्तर हे आहे. कोणाच्याच नाही. काकांना वाटलं सगळ्यांनी सांगितलं, सगळ्यांना वाटलं काहीतरी साधंच होईल. एक शब्द होता, त्याचा अर्थ कोणी विचारला नाही, आणि तो अर्थ एका म्हाताऱ्या माणसाला गोणीत भरून एकट्याने पुलावरून न्यावा लागला.

म्हणून तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमची चाळ असो, सोसायटी असो, मंडळ असो. पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणेल, मांजरांचा बंदोबस्त करा. कुत्र्यांचा करा. फेरीवाल्या बाईचा करा, जिन्याखाली झोपणाऱ्याचा करा. सगळे मान डोलावतील. तेव्हा तुम्ही उभ्या राहा, उभे राहा, आणि विचारा: बंदोबस्त म्हणजे नेमकं काय? कोण करणार? कुठे नेणार? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका, आणि पुढच्या विषयावर जाऊ देऊ नका.